वाडग्यात परत आलेले बेदाणे

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा वाडगा आहे. माझ्या अंगावर तीन पोचे आहेत. गोष्टही तिथे तिथे अडखळेल. सांभाळून घ्या.

पहिला पोचा.

इंदापूरच्या दुकानात माझ्यावर नाव घातले : 'सायराबानू, शेळगाव'. यंत्राची सुई टरटर चालली तेव्हा दुखले, पण मी कोणाचा तरी झालो. वीस वर्षे माझ्यातून आमटी वाढली गेली. पाहुणे माझे कौतुक करत. मग एकदा ओट्यावरून पडलो.

दुसरा पोचा.

घरात काचेची भांडी आली. मी आधी मिठाचा झालो, मग धुण्याच्या सोड्याचा, मग कोणाचाच नाही. गोठ्यामागे टाकून दिला होता, तिथे माझ्यावर म्हशीचा पाय पडला.

(इथली काही वर्षे रिकामी आहेत.)

तिसरा पोचा. हा सावकाश सांगतो.

शेजारच्या द्वारकाबाईंकडून एक काळे पिल्लू आले. सायराबानूची नात अल्फिया पाचवीत आहे. तिने त्याचे नाव गुंड्या ठेवले, मला राखेने घासले आणि त्याच्यापुढे मांडले.

ईद आली. त्या दिवशी सायराबानूच्या दारातून शीरखुर्मा खाल्ल्याशिवाय कोणी जात नाही. सगळ्यांना मिळाला, गुंड्याला नाही, हे अल्फियाने पाहिले. तिने माझ्यात पळीभर वाढला. वर आपल्या वाटीतले बेदाणे वेचून घातले. बेदाणे द्वारकाबाईंच्याच, द्राक्षे वाळवायच्या शेडवरचे. दर ईदला त्या डबाभर पाठवतात. गुंड्याने चाटता चाटता मला अंगणभर फिरवले. माझे चांगले दिवस परत आले, असे मला वाटले.

तेवढ्यात द्वारकाबाई आल्या.

"अल्फे, पिल्लानं काय खाल्लं गं?"

"शीरखुर्मा, काकू. बेदाणे जास्त घातले."

द्वारकाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "सायराभाभी, कुत्र्याला बेदाणं इख हायती. आमचा वाघ्या शेडवरचं खाऊनच गेला."

"आन् हे आज सांगतीस व्हय?"

"मला काय ठावं, तुमी कुत्र्याला बी ईदी द्याल."

अल्फियाचे वडील अल्ताफ यांनी गाडी काढली. मागे अल्फिया, ओढणीत गुंड्या, काखेत मी. खड्डा आला आणि मी रस्त्यावर आपटलो.

"राहू दे तो वाडगा," अल्ताफ म्हणाले.

"किती खाल्लं, डॉक्टर विचारतील ना, अब्बा." ती उतरून मला घेऊन आली.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्यात डोकावून पाहिले. तळाला नुसते दूध चिकटले होते.

"पळीतले चार, माझे सात," अल्फिया म्हणाली.

"तासाच्या आत आणलंत, बरं केलं." त्यांनी उलटीचे इंजेक्शन दिले. अल्फियाने मला गुंड्याच्या तोंडापुढे धरले. बेदाणे फुगून परत आले. एक. तीन. आठ. तिने बोटाने मोजले. अकरा.

मित्रांनो, माझ्यात इतके काही वाढले गेले, पण त्या अकरा बेदाण्यांएवढे मोलाचे काहीच नव्हते.

तरी दोन दिवस सलाईन चालले. "बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी बिघडते. आता लघवी नीट झाली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. घरी सायराबानू आणि द्वारकाबाई फोनपाशी बसल्या होत्या. अखेर अल्ताफ यांचा फोन आला.

"अम्मी, मुतला."

"अल्लाचा शुकर," सायराबानू म्हणाल्या. द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले. "कुत्र्याच्या मुतासाठी रडायची पाळी आली बया," म्हणाल्या आणि हसल्या.

आता माझ्यात बिनमिठाचा भात पडतो, उकडलेले अंडे, कधी बिनहाडाचे चिकन. रस्सा नाही, कारण त्यात कांदा-लसूण असतो. चहा नाही, चॉकलेट नाही. काही नवे असले, की अल्फिया आधी डॉक्टरांना फोन लावते.

माझ्यात काय पडावे, हे मला ठरवता येत नाही. पिल्लालाही येत नाही. तुम्ही द्याल ते शेपूट हलवत खाते. म्हणून वाढण्याआधी एकदा विचारा.

परवा अल्फियाने खिळ्याने माझ्यावर, सायराबानूच्या नावाखाली, नवे नाव कोरले. अक्षर वाकडे आहे, आणि पुन्हा दुखले.

गुंड्या.