फौजदारणीला उचललंच नाही

आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त चालायचं ते फौजदारणीचं. फौजदारीण म्हणजे बायकोची बँटम कोंबडी. मूठभर जीव, पण राग नाकावर. शेजाऱ्यांचा कुत्रा तिला पाहून वाट बदलायचा. बायकोच्या हाती मात्र ती मुकाट यायची आणि हे मला, खरं सांगतो, थोडं लागायचं.

लेकीचं बाळंतपण आलं आणि नेमकी तेव्हाच फौजदारीण खुडूक होऊन सहा अंड्यांवर बसली. लेकीकडे निघताना बायकोने बजावलं, "अहो, ही बसली की स्वतःहून उठत नाही. खाणंपिणं विसरते. रोज सकाळी दोन्ही हातांनी उचलून दाण्यांपाशी ठेवायची. खाऊन झालं की जाते परत. विसरू नका."

"घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला वेळ शिकवतेस?" मी म्हणालो.

पहिल्याच सकाळी हात घातला, तर तिने अंगठ्यावर अशी टोच मारली की रक्त आलं. मी बारीक कामाचा माणूस. केसाएवढी स्प्रिंग चिंधी बांधलेल्या अंगठ्याने कशी बसवणार? दोन गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. दुसऱ्या दिवसापासून मी दाण्यांची वाटी आणि पाणी खुराड्याच्या दाराशी ठेवू लागलो. भूक लागली की येशील झक मारत, असं तिला ऐकवलंसुद्धा. संध्याकाळी वाटी रिकामी. बायको फोनवर विचारायची, "उचललीत?" मी म्हणायचो, "उचलली. पोटभर खाल्लं."

पाचव्या दिवशी दुकानाच्या अंगणाकडच्या खिडकीतून पाहिलं, तर वाटीवर चिमण्या तुटून पडलेल्या. मी नीट पाहिलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्या संध्याकाळीही फोनवर म्हणालो, "खाल्लं."

अठराव्या दिवशी खुराड्यातून नेहमीची गुरगुर आली नाही. हात आत घातला. तिने चोच उघडली, पण टोचायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. छातीचं हाड बोटांना लागलं. ड्रॉपरने थेंब थेंब पाणी पाजलं, पण दुपारी ती गेली. पंख तसेच पसरलेले होते, अंडी झाकून. पन्नाशी ओलांडलेला मी खुराड्यापुढे बसून रडलो.

अंडी दुकानात आणली. कामाच्या दिव्याखाली कापसात ठेवली, शेजारी ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. दर थोड्या वेळाने गालाला लावून ऊब पाहायची. दुकान तीन दिवस बंद. चार अंड्यांतून पिल्लं निघाली आणि डोळे उघडल्यावर त्यांना दिसलो तो मीच.

दुसऱ्या दिवशी बायको परतली. मी म्हणालो, "फौजदारीण गेली. वय झालं होतं." तिने पिशवी खाली ठेवली. अंगणात एक फेरी मारली आणि खुराडं धुवायला घेतलं.

तीन दिवस मला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या तोंडातून निघालं, "मी तिला उचललंच नाही. एकही दिवस."

"माहीत आहे."

"कसं?"

"खुडूक कोंबडी उठली की दिवसभराचं एकदम शिटते, हा एवढा गोळा. अंगणात एक डाग नव्हता."

"झाडलं असेल मी."

"तुम्ही? अंगण?" ती हसली नाही. "आल्या दिवशीच कळलं. तुम्ही कधी बोलताय, ते बघत होते."

तिने उठून पिल्लांच्या खोक्याचं झाकण काढलं. पिल्लं तिला वळसा घालून धावत माझ्या पायांपाशी आली. मी मागे सरकलो, तर पिल्लंही सरकली.

"उचला आता," बायको म्हणाली.

मी वाकून दोन्ही हात पुढे केले. एकेक करून चौघंही तळहातावर चढली आणि ऊब लागताच डोळे मिटून बसली. एकानेही टोच मारली नाही. मारली असती तर बरं वाटलं असतं.