विहाराच्या मागची विहीर

शाळेत वाचनालयाची खोली होती, पण तिच्यात मोडके बाक कोंबलेले. त्यामुळे नववी ‘ब’ची सारी विद्या मोबाइलच्या ग्रुपवर चालायची, आणि तिथला कायदा मेघानं घालून दिलेला: तीन जणांचं सारखं आलं की खरं धरायचं.

‘आमच्या वस्तीचं पाणी’ हा प्रकल्प आला, तर इंटरनेटवर वस्तीचं नावच सापडेना. पान तर भरायचं होतं. मेघानं मनानंच लिहिलं, ‘विहाराच्या मागं बायांनी श्रमदानातून विहीर खोदली होती,’ आणि ग्रुपवर टाकून दिलं. सकाळपर्यंत जवळजवळ साऱ्या वर्गाच्या वहीत विहीर लागली!

वेगळं लिहिलं ते एकट्या प्रीतीनं. तिच्याकडे मोबाइल नाही. ती वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या रंभाबाईंना विचारून आली होती: विहीर कधीच नव्हती, सडकेवरच्या नळावरून पितळी गुंडानं पाणी आणायचो.

“सगळ्यांना सापडली, तुलाच कशी नाही?” वह्या तपासताना वर्गाच्या बाईंनी विचारलं. वर्ग हसला. मेघाही हसली, थोडीशी.

शाळा सुटल्यावर प्रीती म्हणाली, “मीच नीट विचारलं नसंन वं. पुन्हा जाते.”

“मीबी येते,” मेघा म्हणाली. वाटेत सांगू सांगू करता रंभाबाईंचं दार आलं.

“आजी, साऱ्या पोरांनी विहीर लिहिली. तुम्ही विसरून तर नाही राहिल्या?” प्रीतीनं विचारलं.

“साऱ्यांनी?” म्हातारी घुटमळली. “मंग असंन बाई. शिकलेली पोरं काहून खोटं लिहितीन? माह्याच डोक्यात काही राह्यत नाही.” मग हळूहळू तिचे डोळे लकाकले. “विहाराच्या मागं, नाही का? बायांनी खोदली. माही मायबी होती त्यात. टोपल्यानं माती काढे.”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात. पण खाली फरशी होती आणि ती काही फाटेना.

“आजी, विहीर नव्हती,” मेघा म्हणाली. “मी मनानं लिहिली. पान भरत नव्हतं म्हणून.”

प्रीती तिच्याकडे पाहतच राहिली.

“मंग माही माय?” रंभाबाईंनी विचारलं.

प्रीतीनं म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला आणि मेघाकडे न बघताच ती म्हणाली, “उद्या वर्गात तू सांगशीन. मी नाही सांगणार.”

“हो,” मेघा म्हणाली. ते इतकं हळू, की म्हातारीनं कानाला हात लावून विचारलं, “काय म्हणते वं ही?”