त्याच कांद्यांच्या वेण्या

"जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोत येताय."

कॅमेरा डोळ्याला लावलेल्या बाईंनी हे हसून, अगदी सभ्यपणे सांगितलं आणि गोरक्षच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो जागचा हलला नाही. त्याच्यामागे बाकावर काळी टोपी, लाकडी बूट आणि गळ्यात लाल रुमाल अशा थाटात बसून एक म्हातारा कांद्याची वेणी वळत होता. म्हाताऱ्याचं नाव ईव्ह. गोरक्षनं त्याला असल्या वेषात कधी पाहिलं नव्हतं. शेतात तो निळी विजार आणि गमबूट घालायचा, आणि टोपी म्हणाल तर खतवाल्यानं फुकट वाटलेली.

"सरक," ईव्ह वेणीवरची नजर न काढता म्हणाला. "घेऊ दे त्यांना."

गोरक्ष सरकला. पण आत काहीतरी करपलं ते करपलंच.

पंच्याण्णव साली नाशिकजवळच्या गिरणाऱ्याचा हा पोरगा शेतकी शिकून, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या एका योजनेतून फ्रान्सला आला होता. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, जिथे वाफ्यातून मान वर केली की समुद्र दिसतो, तिथे ईव्ह आणि मादलेनच्या घरात तो वर्षभर राहिला. ते गुलाबी कांदा पिकवायचे. गोरक्षचा बाप, वाळूआण्णा, लाल कांदा पिकवायचा. तेवढ्यावर सोयरीक जुळली. हा मटण-मासळी खात नाही हे कळल्यावर मादलेननं महिनाभर डोकं खाजवलं आणि शेवटी काळसर पिठाची धिरडी रोजची केली. ईव्ह कमी बोलायचा. पहिल्यांदा गोरक्षची वेणी सुटली तेव्हा त्यानं नुसती ती हातात घेतली, उकलली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली. अशा चार वेळा. पाचव्यांदा खुंटीला टांगली. निघताना गोरक्ष दोघांना पापा आणि मामाँ म्हणत होता, आणि मादलेन रडरड रडली होती.

आता २००७ साल. ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवणारा गोरक्ष विक्रेत्यांच्या सहलीबरोबर पॅरिसला आला आणि तीन दिवस काढून इकडे धावला. मनात एक कामही होतं. त्याचा चुलतभाऊ महेश वडिलोपार्जित रानात पर्यटनाचं केंद्र काढायच्या मागे लागला होता. शहरातली माणसं येणार, चुलीवरची भाकरी खाणार, बैलगाडीत बसणार. "तिकडं हे लय पुढं गेलेलं असतंय. फोटो काढून आण," महेशनं बजावलं होतं. गाडी हाकायला वाळूआण्णा आणि भाकरी थापायला रंगूबाई, म्हणजे गोरक्षचेच आईबाप, हे महेशनं परस्पर ठरवून टाकलेलं. त्यासाठी दोघांना नवे कपडेही आणायचे होते. म्हातारा त्यावर एवढंच म्हणाला होता, "मला फेटा बांधून बसवणार व्हय? आपल्यात कोण घालतंय असलं?" आणि गोरक्ष वैतागून बोलला होता, "आण्णा, प्रत्येक गोष्टीत काय आडवं लावता?"

बाजारचौकात संध्याकाळ झाली. फोटोवाले पांगले. मग पालिकेकडची एक तरुण मुलगी आली, खुंटीवरच्या वेण्या काढल्या आणि भराभरा उसवून कांदे पेटीत टाकू लागली. गोरक्ष पाहतच राहिला.

"हे काय करताय? विकायचे नाहीत?"

"हे दाखवायचे आहेत," मुलगी म्हणाली. "विकायचे तिकडे दुकानात, जाळीच्या पिशवीत. हे उद्या पुन्हा वळायचे."

"तेच कांदे?"

"खराब होईपर्यंत तेच."

ईव्हनं लाकडी बूट काढून पेटीशेजारी ठेवले आणि पिशवीतून आपले नेहमीचे बूट काढून घातले. दोघं घरी निघाले. वाटेत जिथे कांद्याचे वाफे होते तिथे आता रांगेनं पांढऱ्या राहुट्या आणि चाकांवरची घरं उभी होती. दोरीवर पोहण्याचे कपडे वाळत होते. फाटकावर त्यांच्या मुलाचं, आलॅंचं नाव होतं; बाजारात ईव्हच्या बाकामागच्या फलकावरही तेच होतं.

जेवायला बसल्यावर गोरक्षला राहवलं नाही. धिरडं तसंच ताटात ठेवून तो मोडक्या फ्रेंचमध्ये कडाडला. "तुम्ही हे कसं चालवून घेता? ज्या माणसानं आयुष्यभर अख्ख्या गावाला कांदा दिला त्याला बाहुल्यासारखं बसवायचं? आणि दिवसभराची मेहनत संध्याकाळी उसवायची? ही थट्टा आहे. आलॅंला लाज वाटत नाही?"

ईव्ह सुरीनं लोणी पसरत राहिला. उत्तर मादलेननं दिलं.

"आलॅं वाईट नाही. त्यानं यांना, बसाल का, म्हणून विचारलं होतं. जबरदस्ती नाही केली."

"मग नाही म्हणायचं."

"पहिल्या दिवशी हे दुपारी जेवले नाहीत. टोपी खाली ठेवून नुसते बसून राहिले," ती म्हणाली. "मी म्हटलं, सांगून टाका त्याला. पण मुलगा आशेनं विचारतो ना, तेव्हा नाही म्हणता येत नाही. तुझे वडील म्हणतात का तुला नाही?"

गोरक्षनं पिशवीतून आपला कॅमेरा काढला. त्यात त्यानंच महेशसाठी आल्या आल्या चौकात काढलेले बारा-तेरा फोटो होते. त्यातला टोपीचा फोटो तर चांगला जवळून, नीट उजेड साधून घेतलेला. बाजारात बाजूला सरकवणाऱ्या त्या बाईसारखेच आपणही पापाला वाटलो असू का, असं त्याच्या मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. त्यानं सगळे फोटो पुसले. सकाळी निघताना ईव्हनं त्याच्या हातात एक वेणी दिली. घरामागच्या एका वाफ्यातले स्वतःचे कांदे होते ते. "ही उसवायची नाही," एवढंच तो म्हणाला.

घरी पोचून पहिलं काम महेशला नाही सांगायचं, हे गोरक्षनं विमानातच पक्कं केलं. फोनवर नको, समोरासमोर. तीच चूक झाली.

रविवारी तो गिरणाऱ्याला उतरला तर फाट्यावरच कमान. आत नाशिकहून आलेल्या गाड्या. चुलीपुढे रंगूबाई नाकात उसनी नथ घालून भाकरी थापत होती, आणि चार बाया वाकून वाकून बघत होत्या.

"आये, हे काय?"

"महेश म्हनला, तू यायच्या आत चालू करून दावू. खूश व्हशील," ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "तुझे आण्णा आधी नाय म्हनत व्हते. मग म्हनले, पोरानं मनावर घेतलंय, आपून कशाला आडवं लावा."

गोरक्ष महेशवर धावून गेला. "बंद कर. आत्ताच्या आत्ता आण्णांना गाडीवरून उतरव."

"डोकं फिरलं का तुझं?" महेश दबक्या आवाजात म्हणाला. "तुलाबी पटलं व्हतं ना सगळं? आण्णा नको म्हनले तवा तूच त्यांना रागं भरला व्हतास."

 गोरक्ष बैलगाडीकडे गेला. वाळूआण्णा जरीचा फेटा बांधून, कोऱ्या धोतरात कासरा धरून बसले होते. गोरक्ष पॅरिसला निघाला तोपर्यंत हा माणूस विजार-शर्टात डोक्याला उपरणं गुंडाळून रानात जायचा.

"आण्णा, उतरा. मी चुकलो. उतरा तुम्ही."

"पाव्हन्यांदेखत तमाशा नको, गोरक्ष," म्हातारा हळू आवाजात बोलला. त्याची नजर गोरक्षच्या हातातल्या वेणीवर गेली. "तिकडचा कांदा का? चांगला वळलाय. घरात टांग."

पोरंटोरं गाडीत चढली. गाडी निघाली. महेशनं आखलेला रस्ता घराभोवती गोल होता. जांभळीच्या झाडापाशी तो डावीकडे वळायचा, उजवीकडे पूर्वी कांद्याचं रान होतं, आता त्यावर अंथरलेली हिरवळ आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. बैलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. जांभळीपाशी आले की दोघंही आपसूक उजवीकडे वळत, रानाकडे. आण्णा कासरा ओढून त्यांना डावीकडे आणत. गाडीतली पोरं हसत, त्यांना ही गंमत वाटे.

"दादा, जरा बाजूला होता का?" मागून कोणी म्हणालं. "आजोबांचा फोटो घ्यायचाय."

गोरक्ष कांद्याची वेणी हातात धरून रस्त्यातच उभा राहिला. गाडी फेरा पुरा करून पुन्हा जांभळीपाशी आली. बैल पुन्हा रानाकडे वळले आणि आण्णांनी पुन्हा कासरा ओढला.