तीन अधिक दोन नऊ, तरी शंख

आमच्या वाडीतल्या भाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाय ठेवायला जागा नव्हती. पार मिठबाव गावापासूनची माणसं पोरांना कडेवर घेऊन आली होती. समोर गुरुप्रसाद महाराज, हातात टॅब्लेट. देवळात घालतात तसं त्यांनी चक्क टॅब्लेटपुढे गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या टकलेत गणित वस्तीक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं खळं बोललं. बोलणारच. गाऱ्हाण्याचा सूर कानी पडला की आमच्या माणसांची तोंडं आपोआप हलतात, कशाला होकार दिला ते मागाहून कळतं. हा माणूस नेमकं तेच हेरून आला होता.

मग चमत्कार. पडद्यावर बेरीज आली, खाली डोलणारे तीन आंबे, प्रत्येकावर एक आकडा. दुसरीतल्या श्रियाने एका आंब्यावर बोट ठेवलं. आंबा फुटला, लखलखाट झाला, मोठ्ठं उत्तर झळकलं आणि शंख वाजला. पुन्हा बेरीज, पुन्हा शंख. एकदाही चूक नाही. तिची आई किशोरी तर रडायलाच लागली.

मी श्रियाची शिक्षिका. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ही मुलगी बोटांवर मोजायची, अडखळायची, चुकायची, आणि म्हणूनच शिकत होती. महाराजांनी मात्र घरोघरी असे टॅब्लेट देताना अट घातली होती: बोटांवर मोजायचं नाही, दुसऱ्या कुणाकडून गणित शिकायचं नाही, नाहीतर विद्या उडून जाईल. त्यानंतर श्रिया वर्गात मुठी आवळून बसू लागली. मोजायला सांगितलं की डोळ्यांत पाणी. मला त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू.

शेवटी मी किशोरीच्या घरी गेले. श्रिया ओटीवर खेळत होती; नजर माझ्या पिशवीवर, बोट आंब्यावर. शंख वाजला. म्हणजे बेरीज न बघताच उत्तर बरोबर. मी किशोरीला एवढंच म्हटलं, जरा मुद्दाम चुकून बघ. ती कचरली, विद्या कोपली तर? एवढ्यात डोलणारा आंबा बघून त्यांच्या मांजरीनेच त्यावर पंजा मारला. लखलखाट, शंख. किशोरीला हसू फुटलं, पण लगेच ते मावळलं. तिने तीन अधिक दोनला स्वतः नवाच्या आंब्यावर बोट ठेवलं.

पुढच्या बैठकीला ती खळ्यात उभी राहिली. "म्हाराजानू, तीन आणि दोन. मी नवाक बोट लावलंय. तरी शंख वाजलो."

महाराज गोड हसले. म्हणाले, माउली, तुझी श्रद्धा फळली, आता तुझं नऊच खरं. किशोरी हटली नाही. सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मगे तुमीव चुकीच्या आंब्याक बोट लावन बघा."

लोक आधी बिचकले. मग आपापल्या टॅब्लेटवर एकेक बोट पुढे आलं आणि खळंभर शंख वाजू लागले. त्या गदारोळात महाराजांनी घाईघाईने गाऱ्हाणं सुरू केलं. या वेळी कुणी हुंकार भरला नाही. गाडी गाठायच्या गडबडीत त्यांच्या चपला खळ्यातच राहिल्या.

गोम साधी होती. कुठल्याही आंब्याला हात लावा, बरोबर उत्तर दाखवायचं आणि शंख फुंकायचा, एवढंच त्या खेळात बसवलेलं होतं. सगळे लखलखाट बघत होते. बोट कुठल्या आकड्यावर पडलं, हे कुणी बघतच नव्हतं.

यात टॅब्लेटचा काही दोष नाही. हल्ली किशोरी श्रियाबरोबर दुसरा खेळ खेळते. चुकलं की तो चुकलं असंच सांगतो. परवा श्रिया आठ अधिक सहाला तेरा म्हणाली. "परत मोज गो," किशोरी म्हणाली, आणि लेकीची दहा बोटं पुरेनात म्हणून तिने स्वतःचीही पुढे केली.

तेव्हा मंडळी, जो खेळ, जो गुरू, जो महाराज कधीच तुमची चूक दाखवत नाही, त्याच्यावर खुशाल संशय घ्या. आणि पोराच्या शेजारी बसा. तुमच्यासमोर चुकायची त्याला भीती वाटता कामा नये.