बडग्याच्या पोटातली पत्रकं

मित्रांनो, मला आता कुणी ओळखत नाही, म्हणून आधी ओळख देते. मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. मेणकागदावर अक्षरं टोचायची, तो माझ्या रुळावर चढवायचा आणि मूठ फिरवायची, की एकासारखे एक कागद बाहेर पडत. नागपुरात प्रताप नगरच्या एका शाळेत मी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापल्या. मुलं मला फार भ्यायची, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

पुढे शाळेने मला भंगारात काढलं. तिथले कारकून देवराव यांनी मला उचलून कन्हानला आपल्या घरी नेलं. घरात ते आणि त्यांची आई भागीरथाबाई, दोघंच. १९७५ साली आणीबाणी आली. सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला. देवराव मात्र माझ्यावर पत्रकं छापू लागले : कुणाला पकडलं, कुठे ठेवलं, सगळं नावानिशी, आणि तळाशी स्वतःचं नाव व तारीख. माझी खडखड बाहेर जाऊ नये म्हणून भागीरथाबाई दुपारभर अंगणात मिरच्या कुटत. सगळी गल्ली शिंकायची.

"एवढं तिखट कोन खाते वं मावशी?" शेजारीण विचारायची.

"माह्या पोराले लागते," म्हातारी ठसक्यात सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात देवरावांच्या नावाने वॉरंट निघालं. ते नेपाळमार्गे पश्चिम जर्मनीत पोहोचले आणि तिथल्या सरकारकडे त्यांनी आश्रय मागितला. इकडे मी आणि उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा ज्वारीच्या कोठीत दडून होतो. पोलीस दोनदा घर उलथंपालथं करून गेले.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा नेणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवणुकीने निघते. तिच्यासोबत गवताकागदाचा मोठा बाहुला करतात, त्याला बडग्या म्हणतात. वर्षभराची रोगराई, पीडा त्याच्यावर घालून त्याला गावाबाहेर जाळतात. भागीरथाबाईंना वाचता येत नव्हतं. लेकाला देशोधडीला लावणारी पीडा म्हणजे हा गठ्ठा, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी सगळी पत्रकं चुरगाळून बडग्याच्या पोटात भरली आणि मिरवणुकीत सर्वांहून मोठ्याने ओरडल्या, "माह्या लेकाची इडापीडा घेऊन जा गे मारबत!" त्या दिवशी त्या कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवल्या.

दिवाळीनंतर देवरावांचे मित्र रुपराव चिठ्ठी घेऊन आले. त्यांनी ती वाचून दाखवली : "आई, इथले अधिकारी पुरावा मागतात. एक तरी पत्रक पाठव. नाहीतर मला परत धाडतील आणि विमानतळावरच पोलीस धरतील."

भागीरथाबाईंनी कोठीचं झाकण उघडून दाखवलं. "एक बी नाही ठेवलं गा मी. मले वाटलं, पीडा गेली."

रुपरावांनी मला कोठीतून काढलं. रुळावर शेवटचा मेणकागद होता, पण शाई वाळून घट्ट चिकटलेला. त्यांनी रॉकेल लावलं आणि हळूच मूठ फिरवली. मित्रांनो, मी इतका जीव कधी ओतला नव्हता! अर्धं पान उमटलं आणि तळाच्या नाव-तारखेआधीच मेणकागद फाटला. तेच अर्धं पान परदेशी गेलं. फेब्रुवारीत देवरावांचं पत्र आलं. पान कुणाचं, कधीचं, काही कळत नाही म्हणून अर्ज नामंजूर झाला होता. "इथून निघतो आहे, मला शोधू नकोस," असं शेवटी होतं.

महिन्याभरात आणीबाणी उठली. सुटून आलेल्यांना नागपूर स्टेशनवर हार पडले. भागीरथाबाई आठ दिवस हार घेऊन जात राहिल्या. देवराव आले नाहीत, त्यांचं पत्रही पुन्हा आलं नाही. त्यानंतर सहा वर्षं म्हातारी रोज दुपारी माझी मूठ रिकामीच फिरवायची आणि पुढे वाकून बघायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

त्या गेल्या. आता मी रुपरावांच्या माळ्यावर आहे. इथे कुणी येत नाही. तरी कधी भर दुपारी माझी मूठ अर्धा फेरा फिरते आणि थांबते. कोण फिरवतं, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. घरात ज्यांना येत नाही, त्यांना कागद वाचून दाखवत जा. देवरावांनी हजारो अनोळखी माणसांसाठी पत्रकं छापली. आईला त्यांनी एकही वाचून दाखवलं नव्हतं.