तिसरा खटका

गॅरेजात स्टूल एकच होतं आणि त्यावर मावशीच बसायच्या. दुसऱ्या कुणी चुकून टेकलंच, तर त्या नुसत्या समोर येऊन उभ्या राहत. माणूस आपोआप उठे.

मिस्त्री जाऊन आठ महिने झाले होते, तरी सगळी गल्ली मावशींना अजून मिस्त्रींची बायको म्हणूनच ओळखत होती. हे मावशींना मुळीच खपत नसे. "हात त्यांचे होते, गॅरेज मी चालवलंय," असं त्या तोंडावर सांगत. शाळा त्यांनी जेमतेम दोन वर्षं पाहिलेली. पण एखादा शिकलेला गाडीवाला अक्कल पाजळायला लागला, की त्या म्हणत, "साहेब, तुमचं पुस्तक मिटा आणि बॉनेट उघडा. आजार तिथे आहे."

गॅरेजच्या मागे दोन खोल्या, तेच घर. मधल्या दाराला कडी कधी लागली नाही. त्या दारातून तीस वर्षं एक शिस्त घरात येत राहिली: मिस्त्री कन्व्हर्टर बसवायला बसले की घरादाराने तोंड मिटायचं. कन्व्हर्टर म्हणजे कलिंगडाएवढा लोखंडी गोळा. बिनक्लचच्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या तोंडात बसतो, आणि मग गोळ्यासकट गिअरबॉक्स इंजिनाला जोडतात. आत तीन ठिकाणी तो अडकला पाहिजे. हलक्या हाताने फिरवत फिरवत ढकलायचा, की एकेक खटका होतो. दोन खटके कुणालाही ऐकू येतील. तिसरा अगदी बारीक. तो झाला नाही आणि तसंच जोडलं, तर आतला पंप फुटतो आणि सगळी मेहनत तेलात जाते.

तेव्हा कॉम्प्रेसर बंद, रेडिओ बंद. मावशी शेगडीसुद्धा बारीक करायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. कारण घणाचे आवाज झेलून झेलून मिस्त्रींचे कान शेवटची दहा वर्षं कामातून गेले होते. ते पुटपुटत, "एक... दोन..." आणि मग मान वर करून बायकोकडे बघत. मावशींनी मान हलवली की तिसरा झाला. मग ते स्टीलची पट्टी लावून गोळा किती आत गेला तेही बघत. पण ते आपलं मनाच्या समाधानाला.

मुलं दोन. थोरला बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला अजून बाळ म्हणत. बाळचं बोलणं असं गोड, की रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा मालकही त्याचे आभार मानून जाई. हात मात्र उतावळे. धाकटी सात वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली, ती चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी बापाशेजारी गाडीखाली शिरली. बापाचा हात तिच्यात जसाच्या तसा उतरला होता. मावशींना ते दिसत होतं. त्या बोलून दाखवत नसत, एवढंच.

पलीकडच्या मोठ्या वर्कशॉपने धाकटीला हेडमिस्त्रीची जागा देऊ केली होती. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तेव्हा मावशींनी गळ्यातल्या दोरीतली गॅरेजची किल्ली तिच्यासमोर धरली.

"टॅक्सीवाल्याचा गिअरबॉक्स आलाय ना? तो नीट बसव. ही किल्ली तुझी. बाळ गिऱ्हाइकांशी बोलेल, काम तुझ्या शब्दाने चालेल."

"दादाला चालेल?"

"गॅरेज माझं आहे. दादाला विचारून मी जन्माला घातलं नाही त्याला."

धाकटीने त्याच संध्याकाळी वर्कशॉपला नकार कळवून टाकला. आईचा शब्द म्हणजे शब्द, अशी तिची समजूत होती.

गुरुवारी सकाळी तिने कॉम्प्रेसर बंद केला. गोळा हातावर पेलत गिअरबॉक्सच्या तोंडात धरला आणि फिरवायला लागली. एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी तिने पुसला नाही. मावशी स्टुलावर पुढे सरकल्या. टिक्. मावशींची मान हलली. धाकटीने पट्टी लावून पाहिली आणि पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात एका बोल्टचे आटे गेलेले सापडले. "नवा घेऊन येते. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका," म्हणून ती सायकलवर टांग टाकून गेली.

ती वळणावर दिसेनाशी होते न होते तोच टॅक्सीवाला आला. मिस्त्रींचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आल्या आल्या घड्याळाकडे बोट. "झाली का? उद्या सकाळी दवाखान्यात नेहमीची पेशंट बाई पोचवायचीय. तिला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवत नाही."

"झालीच म्हणून समजा," बाळ म्हणाला. "अर्धा तास. बसा की, चहा घ्या."

आणि त्याने जॅकवरचा गिअरबॉक्स उचलायला घेतला. मिस्त्री उचलताना गिअरबॉक्सचं तोंड नेहमी किंचित वर ठेवत. बाळ टॅक्सीवाल्याशी बोलत बोलत उचलत होता. तोंड खाली झुकलं.

टिक्.

मावशींनी ऐकलं. गोळा एक खाच बाहेर आला होता. सकाळी मिळवलेला तिसरा खटका गेला होता.

शब्द ओठांपर्यंत आले. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं. चार लोकांत पोराला सांगायचं, 'अरे, उतरव ते, तुझ्या बहिणीने केलेलं तू बिघडवलंस'? बोलायचं तर आत्ताच, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कपातला चहा संपवला.

गिअरबॉक्स इंजिनाला टेकेना. बोटभर फट राहिली. नीट बसलेला गिअरबॉक्स हाताने ढकलला तरी टेकतो. टेकत नसेल तर खाली उतरवायचा, हे त्या घरात भांडी घासणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

"बोल्टने ओढला की येतो," बाळ म्हणाला आणि समोरासमोरचे बोल्ट आवळायला लागला. लोखंड कण्हलं. फट मिटली. "बघा! चिकटला!"

टॅक्सीवाल्याने मान डोलावली. मावशी कपाच्या तळाशी बघत राहिल्या.

धाकटी परत आली तेव्हा बाळ ड्रायव्हरच्या सीटवर चढत होता. तिने सायकल तशीच आडवी टाकली.

"कुणी चढवला?"

"मी. तू सकाळपासून नुसती गोंजारत बसली होतीस त्याला."

"सहज टेकला? का ओढलास?"

"सहज. लोण्यासारखा."

तिने आईकडे पाहिलं. "आई?"

"चहा घेतेस का?" मावशी म्हणाल्या.

"दादा, चालू करू नकोस. आधी हाताने फिरवून बघू, गोळा मोकळा फिरतो का ते. दोन मिनिटं—"

बाळने चावी फिरवली. किंकाळी फुटावी तसा आवाज झाला, मग काहीतरी दळलं गेलं, आणि गाडीखाली लाल तेल पसरत पसरत मावशींच्या स्टुलापाशी आलं. मावशींनी पाय वर घेतले.

टॅक्सीवाला उठून उभा राहिला. "हे काय?"

"अहो, कन्व्हर्टर सकाळी हिने बसवला," बाळ खाली उतरत म्हणाला. आवाज अजूनही गोडच. "मी फक्त चढवला. आतलं मला काय दिसणार?"

"खोटं बोलू नकोस! पूर्ण बसला होता. पट्टी लावली होती मी."

"मग पंप काय हवेने फुटला?"

टॅक्सीवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि मग मावशींकडे वळला. "मावशी, तुम्ही इथेच होता सकाळपासून. मिस्त्री तर म्हणायचे, त्यांचा कान म्हणजे तुम्ही. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानतो."

कॉम्प्रेसर सकाळी बंद केला होता, तो बंदच होता. तेल टपकत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"हिनेच बसवला," मावशी म्हणाल्या.

शब्द खरा होता. त्यातच तर त्यांनी अंग चोरलं.

धाकटी जवळ आली. ओरडली नाही. बापासारखी मान तिरकी करून तिने विचारलं, "आई, खटके किती ऐकलेस?"

ज्या बाईने जन्मभर शिकल्यासवरल्यांना पाणी पाजलं, ती बाई म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? मी का शिकलेली आहे?"

धाकटीने त्यांच्याकडे एवढा वेळ पाहिलं, की मावशींनीच नजर खाली घेतली. मग तिने हात पुसले. बापाची स्टीलची पट्टी कप्प्यातून काढून खिशात घातली. नवा बोल्ट आईच्या मांडीवर ठेवला. पडलेली सायकल उचलली, पुढचं चाक दोन पायांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं, आणि गेली.

"येईल परत," बाळ म्हणाला. "जाणार कुठे?"

वर्कशॉपमधली हेडमिस्त्रीची जागा तोवर भरली होती. तिला खालच्या जागेवर घेतलं: चाकं काढायची, चाकं चढवायची. हे टॅक्सीवाल्याने येऊन सांगितलं, मुद्दाम. गाडी तो ओढून तिथेच घेऊन गेला होता. "पेशंटला त्या दिवशी दुसऱ्या गाडीत बसवावं लागलं," तो म्हणाला. "मी परत यायचो नाही, मावशी. तुमच्या पोरीचं काम वाईट म्हणून नाही." एवढं बोलून त्याने चहाही घेतला नाही.

महिन्याभराने दुसरा गिअरबॉक्स आला. बाळ जमिनीवर बसला, गोळा तोंडात घातला आणि कॉम्प्रेसर घरघरत असतानाच फिरवायला लागला. मावशी स्टुलावरून उठल्या. गुडघे धरत भिंतीपाशी गेल्या आणि कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"काय झालं?" बाळ म्हणाला.

"फिरव."

त्याने फिरवलं. मावशींनी डोळे मिटले. "एक," त्या म्हणाल्या. "दोन." बाळने गोळा सोडला आणि हात झटकले.

"अजून एक राहिला," मावशी म्हणाल्या. "बारीक असतो तो. हळू फिरव, मी सांगते."

बाळ हसला. गिऱ्हाइकाशी हसतो ना, अगदी तसाच.

"आई, तुला काय कळतं त्यातलं? तूच म्हणालीस ना, चार लोकांत?"

त्याने मावशींना हलकेच बाजूला केलं आणि कॉम्प्रेसर चालू केला. मावशी परत स्टुलावर येऊन बसल्या. किल्ली गळ्यातच होती. ती अजून कुणी मागितली नव्हती, आणि आता द्यायला कुणी नव्हतं. घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. बाळने जॅक पुढे ओढला आणि बोल्टचा डबा जवळ घेतला.