कोरस क्रमांक चार

मित्रांनो, मी एक जुना डोंगल आहे. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, मला सवय आहे. उंचीने मी तुमच्या अंगठ्याएवढा, रंगाने एके काळी निळा, आणि माझ्या तोंडाशी पत्र्याची एक चपटी जीभ आहे. ही जीभ संगणकाच्या खाचेत घातली की गाणी ध्वनिमुद्रित करायचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर उघडायचं. मी नसलो तर ते हूं की चूं करायचं नाही. थोडक्यात, मी एक चावी आहे. घराची चावी हरवली तर चावीवाला बोलावता येतो. मी हरवलो असतो तर शिवदासकाकांना डोक्याला हात लावून बसावं लागलं असतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातून मी बाहेर आलो तो थेट नाहूरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या गाळ्यांच्या इमारतीत. खाली रबराचे वायसर बनायचे, शेजारी पुठ्ठ्याचे खोके. मधल्या गाळ्यात भिंतींना जुन्या गाद्या ठोकून काकांनी स्टुडिओ थाटला होता. त्यांनी मला संगणकात खोचलं, पडद्यावर रंगीत पट्ट्या उमटल्या, आणि काका स्वतःशीच म्हणाले, "झकास." ती माझी पहिली शाबासकी.

काकांचे वडील कोकणातून गिरणीत आलेले. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, ती रीत काकांनी स्टुडिओत आणली. संगणकाला झेंडूची माळ, माईकला फूल, आणि मला मात्र एकच पाकळी, कारण अख्खं फूल ठेवलं तर मी दिसेनासा व्हायचो. पूजा झाली की जो कोणी हजर असेल त्याने एक चिठ्ठी लिहायची. पुढच्या दसऱ्यापर्यंत हे सॉफ्टवेअर नवीन काय शिकेल, त्याचं भविष्य. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात जायच्या आणि वर्षाने मोठ्याने वाचल्या जायच्या. ज्याचं खरं ठरेल त्याला जास्तीची जिलबी.

माझ्या अंगात कुतूहलाचा किडा शिरला तो या चिठ्ठ्यांमुळे. एका गिटारवाल्याने लिहिलं होतं की अख्खा स्टुडिओ मोबाइलमध्ये मावेल. लोक त्याला हसले, आणि थोड्याच वर्षांत ते खरं झालं. कोणी लिहिलं, बटणं जातील, तोंडाने सांगितलं की काम होईल. कोणी लिहिलं, चाल सुचायची बंद झाली की सॉफ्टवेअरच सुचवेल. एका ढोलकीवाल्याने लिहिलं की सॉफ्टवेअर ढोलकी वाजवेल, पण हळदीत नाचणाऱ्या आत्याबाईंकडे बघून लय वाढवणार नाही. त्याचं भविष्य अजून कोणाला खोडता आलेलं नाही. काका स्वतः दर वर्षी एकच लिहायचे, 'पुढच्या दसऱ्याला आपलं दुकान बंद.' ते दर वर्षी चुकायचे आणि मोठ्या आनंदाने इतरांना जिलबी वाढायचे.

आता मी तुम्हाला त्या गाण्याबद्दल सांगतो, ज्याच्यामुळे माझा जन्म कारणी लागला.

दोन हजार नऊ साली आमच्या भागातल्या भीमराज शाहिरांनी एक गाणं रचलं. पहिल्यांदा पाटी हातात धरून शाळेला निघालेल्या मुलीचं ते गाणं. कोरसला त्यांच्याच चाळीतल्या पाच बायका होत्या. त्यातल्या द्रौपदीबाई आणि विमलाबाई शेजारणी, आणि मैत्री अशी की एकीच्या घरची कालवणाची वाटी दुसरीकडे गेल्याशिवाय दोघींनाही घास गोड लागायचा नाही. काकांनी चार माईक मित्रांकडून मागून आणले, आपला एक लावला, आणि प्रत्येकीला वेगळा माईक दिला. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी 'उजेड' हा शब्द आहे. तिथे कोरस वर चढतो, आणि त्यातला एक आवाज बाकीच्यांना खाली सोडून आणखी वर जातो आणि तिथेच थांबतो.

गाणं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत वाजलं. एप्रिलमधल्या प्रत्येक जयंतीला वाजलं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये मुली त्यावर नाचल्या. जो तो विचारायचा, तो वरचा आवाज कोणाचा? द्रौपदीबाई म्हणाल्या, माझा. विमलाबाई म्हणाल्या, माझा. आधी थट्टा झाली, मग वादावादी, मग अबोला. मित्रांनो, तो अबोला सोळा वर्षं चालला. दोघींची दारं अजून शेजारीशेजारीच आहेत.

द्रौपदीबाईंना दोष देऊ नका. औषधांच्या कंपनीत पाकिटं भरण्यात त्यांची हयात गेली. तिथे काम चुकलं तर बोलणी बसतात, बरोबर आलं तर कोणी काही म्हणत नाही. 'ही बघ, उजेडवाली,' असं रस्त्यात कोणी म्हणालं की त्यांची मान ताठ व्हायची. आयुष्यात त्यांना मिळालेलं कौतुक काय ते तेवढंच.

तुम्ही विचाराल, मी तर तेव्हा संगणकातच होतो, मला ठाऊक नव्हतं? नाही. मी दार उघडणारा. आत कोण कुठे बसलं ते मला दिसत नाही. आणि काकांनी मनात आणलं असतं तर त्यांना दुसऱ्याच दिवशी ते गाणं उघडून बघता आलं असतं. पण आवाज एकीचा निघाला तर दुसरी कायमची तुटेल, या धास्तीने त्यांनी ते टाळलं. दोघींनाही सांगितलं, "आता लक्षात नाही हो."

पुढे काळ बदलला. सॉफ्टवेअर भाड्याने मिळू लागलं आणि काका मोबाइलवर आलेला आकडा घालून ते उघडू लागले. मला एके दिवशी उपसून टेबलाच्या खणात टाकलं. तिथे माझ्या सोबतीला एक मोजपट्टी, संपलेले सेल आणि एका टोकाला तुटलेली वायर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्याच्यावाचून पान हलत नव्हतं, त्याची आठवण काढायलाही कोणी नव्हतं. तरी मी खणातून कान देऊन असायचो. वर काय नवीन आलं, आता सॉफ्टवेअर काय शिकलं, याची उत्सुकता काही जाईना.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी खणाबाहेर एक नवा आवाज आला. द्रौपदीबाईंची मुलगी संघमित्रा आली होती. ती पवईच्या एका कचेरीत आहे, आणि काम कसलं, तर संगीताची नवी सॉफ्टवेअर तपासायचं. ऐकून मी खणातल्या खणात ताठ झालो.

"काका, गाणं नव्याने इंटरनेटवर चढवायचंय," ती सांगत होती. "शाहीर म्हणतात, या वेळी नुसतं 'कोरस' नको, पाचही जणींची नावं हवीत. आणि 'उजेड'वाल्या आवाजाचं नाव वेगळं हवं. आई म्हणते, माझं लिही. विमलामावशीने निरोप पाठवला, तिचं लिहिलंस तर माझं पाचांतूनसुद्धा काढ."

"मग तुझं ते सॉफ्टवेअर काय म्हणतं?"

"ते गाण्याचे ढीग करतं. ढोलकी एकीकडे, शाहिरांचा आवाज एकीकडे. पण पाच बायकांचा एकच ढीग. दोन वर्षांत पाचही वेगळे करेल बघा, लिहून देते."

"अगं, वेगळे करायचे कशाला?" काका म्हणाले. "वेगळेच होते ते. आपणच एकत्र केले."

आणि काकांनी खण उघडला.

माळ्यावरून जुना संगणक उतरला. तो कुरकुरत जागा झाला, पण माझ्या जिभेवर गंज चढला होता. पहिल्यांदा खोचलं, काही नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. माझा जीव टांगणीला लागला. संघमित्राने पर्समधून खोडरबर काढलं आणि माझी जीभ घासघासून चकचकीत केली. तिसऱ्या वेळी पडद्यावर त्या जुन्या रंगीत पट्ट्या उमटल्या, प्रत्येक माईकच्या आवाजाची एक. काकांनी खाली वाकून पट्ट्यांची नावं वाचली. कोरस एक, कोरस दोन, कोरस तीन, चार, पाच. नावं कोणाचीच नव्हती.

"वाट लागली," काका कपाळावर हात मारत म्हणाले. "तेव्हा वाटलं, पाचच तर जणी, राहील लक्षात."

मग बायकांनाच बोलवायचं ठरलं. पाचांपैकी एक गावी राहायला गेली होती, एक लेकीकडे नाशिकला. पुढच्या रविवारी सकाळी बाकी तिघी आल्या. द्रौपदीबाई एका टोकाला, विमलाबाई दुसऱ्या टोकाला, आणि मधे वनमालाबाई. ही त्यांची नेहमीची जागा. सोळा वर्षं दोघींचे निरोप याच पोचवत होत्या, पाणी आलं, गॅसवाला आला, तुझ्या नातवाला ताप आहे म्हणे.

काकांनी एकेक पट्टी एकटी वाजवायला घेतली. कोरस एक सुरू होण्याआधीच विमलाबाईंचा तरुण आवाज करवादला, "भाऊ, ह्यो माईक माझ्या नाकाक लागता." सगळे हसले, विमलाबाईसुद्धा. तिसरं कडवं आलं, 'उजेड' आला, आणि तिथे त्यांचा फक्त दम घेतल्याचा आवाज. मग त्यांनी थेट पुढची ओळ धरली होती.

विमलाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "मी थांबलंय?" त्या हळूच म्हणाल्या. "माका वाटलां, मीच गायलंय."

द्रौपदीबाई पदर सावरून ताठ बसल्या. कोरस दोन गावी गेलेल्या बाईंचा निघाला, आवाज बेताचाच. तीन सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला संघमित्राने आईचा आवाज ओळखला. तिने खुर्ची पुढे ओढली. आवाज 'उजेड'पर्यंत आला, जरासा चढला, आणि सावकाश खाली उतरून एका खालच्या सुरावर टेकला. सूर चोख होता, पण तो वरचा नव्हता.

 संघमित्राने आईकडे पाहिलं आणि ती घाईने म्हणाली, "बस काका. पुढचे नंतर ऐकू."

"नंतर का?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "लावा भाऊ."

कोरस चार. शेजारणींचे आवाज मागे पुसट, आणि पुढे एक आवाज, लाजरा, शब्द थोडे खाणारा. पहिली दोन कडवी त्याच्यात विशेष काही वाटलं नाही. मग 'उजेड' आला आणि तो निघाला तो वर गेला, आणि वर जाऊन कापरा न होता थांबला. तो सूर मी संगणकाला चिकटून ऐकला, आणि तेव्हा मला माझ्या सगळ्या नोकरीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

वनमालाबाईंनी डोळे मिटले होते. "किती गोड गं," त्या म्हणाल्या. "हा कोणाचा?"

 गाणं संपलं, पण पट्टी चालूच होती. चार-पाच क्षण नुसती शांतता, आणि मग त्याच माईकवर, त्याच बाईचं बोलणं. "झालं का भाऊ? मी निघू? सपनाला पाळणाघरातून आणायचंय."

सपना ही वनमालाबाईंची मुलगी. वनमालाबाईंचा हात तोंडावर गेला.

"आमच्या सॉफ्टवेअरने हे शेवटचं बोलणं कचरा म्हणून आधीच काढून टाकलं असतं," संघमित्रा पुटपुटली.

"मला खरंच ठाऊक नव्हतं," वनमालाबाई दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या. "आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठे ऐकू येतो? तुमच्यापैकीच कोणाचा तरी असणार, असं धरून चालले मी."

 विमलाबाई वनमालाबाईंना ओलांडून थेट द्रौपदीबाईंशी बोलल्या. सोळा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. "हिच्या आवाजावरून भांडलो गो आपण, आणि निरोपही हिच्याच हाती पाठवले."

द्रौपदीबाई हसल्या नाहीत. त्यांचं काय गेलं ते मला कळत होतं, आणि मला वाईट वाटत होतं. त्या लेकीला म्हणाल्या, "लिही. 'उजेड', वनमाला. आडनाव विचारून घे नीट."

त्या दुपारी काकांनी सगळ्या पट्ट्या साध्या आवाजाच्या फायली करून एकेक उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीवर नाव घातलं. आता ते गाणं ऐकायला माझी गरज नाही. त्याचं मला काही वाटत नाही. चावीने कुलपात अडकून बसू नये.

मित्रांनो, पुढे ही सॉफ्टवेअर काय काय शिकतील, याचं मला अजून फार नवल आहे. ती आवाज वेगळे करतील, जोडतील, नसलेले निर्माणही करतील. मला ते सगळं बघायचं आहे. पण एक विनंती करतो. तुम्ही जे गाल, जे वाजवाल, ते केवळ माझ्यासारख्या एखाद्या चावीच्या भरवशावर बंद करून ठेवू नका. साधं, कोणालाही उघडता येईल असं ठेवा. मागचं-पुढचं बोलणं लगेच पुसू नका. आणि जो गायला त्याचं नाव त्याच दिवशी लिहा. राहील लक्षात म्हणू नका, राहत नाही.

त्या दिवशी सगळ्या निघाल्या आणि द्रौपदीबाई दारातून एकट्याच परत आल्या. "भाऊ, तो चार नंबर एकदा परत लावा," त्या म्हणाल्या. काकांनी लावला. 'उजेड' आला, वनमालाबाईंचा सूर वर गेला, आणि द्रौपदीबाईंनी बसल्याबसल्या, अगदी हलक्या आवाजात, त्याच्याखाली आपला सूर धरला. तो अजूनही चोख होता.